आकाशातील पोटहिस्से

पेणच्या रामवाडीत आषाढ लागला की महामार्गावरून धावणाऱ्या एस.टी. गाड्यांचा आवाज आणि पागोळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळून जातो, कित्येक घरांच्या पडवीत फळ्यांवर अर्धवट सुकलेले गणपती ओळीने उभे राहतात, आणि आकाश म्हणून जे काही असते ते पुढचे तीन महिने ढगांच्या आड जमा होते. अशाच एका संध्याकाळी, जेव्हा एकही तारा दिसण्याची शक्यता नव्हती, तेव्हा आकाशाविषयीचा जो वाद मी एका ओटीवर बसून ऐकला, तो येथे जसाच्या तसा नोंदवून ठेवावा असे मला वाटते. वाद घालणारे दोघेही सेवानिवृत्त. भाऊसाहेबांची सारी उमर भूमापन खात्यात गेली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, त्याच्या आधीपासून ते साखळी आणि फलक घेऊन या तालुक्याचे बांध तुडवीत होते. गुरुजींनी हायस्कुलात विज्ञान शिकविले. दोघांचा स्नेह जुना, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याने पुराव्याविना मान्य करायचे नाही हा त्या स्नेहाचा अलिखित करार.

वादाला निमित्त घडले ते असे. घरातली नात शाडूच्या मूर्तीचा सुटा, वाळत ठेवलेला हात उचलून आत नेत असता तो तिच्या हातून निसटला आणि ओटीच्या फरशीवर आपटला. मनगटाचा मोठा तुकडा गडगडत उंबरठ्यापर्यंत गेला, बोटांचे पाचसहा कपचे वीतभर अंतरावर पडले, आणि जेथे हात आपटला त्या जागेभोवती पांढुरक्या भुकटीचे एक अर्धवर्तुळ उमटले. मुलगी केरसुणी आणावयास वळली, तोच गुरुजींनी तिला थांबविले.

गुरुजी : बाळ, क्षणभर राहू दे. भाऊसाहेब, हे पाहा. हात कोणत्या बाजूने कलंडत आला, हे तुम्ही पाहिले नव्हते; तुमची पाठ होती. तरी या पसाऱ्याकडे पाहून सांगा.

भाऊसाहेब : दाराकडे कलता पडला. त्यात काय मोठेसे! परंतु कालचा आपला मुद्दा हा नव्हता. दोन लघुग्रह एकमेकांवर आदळले तर त्यांच्या चुऱ्याच्या आकारावरून टकरीची तारीख काढता येते, असे तुम्ही म्हणालात, त्यावर माझी हरकत आहे. एका अमावास्येच्या उधाणाला खाडीकडच्या खारपट्टीत बाहेरकाठ्याला, म्हणजे बाहेरच्या बांधाला, खांड गेली होती. दुसऱ्या दिवशी टिपण घेऊन आम्ही तेथे गेलो, तर हद्दीचा एक दगड दिसेना; गाळाने पाच सर्व्हे नंबर एक करून टाकले होते. त्या गाळालाही आकार होता, मी डोळ्यांनी पाहिला आहे : खांडीपाशी चिंचोळा आणि आत शेतात पंख्यासारखा पसरलेला. पण चार भरत्या येऊन गेल्या आणि तो आकार राहिला नाही. जी गोष्ट आज एक आहे आणि उद्या दुसरी, ती पुरावा म्हणून रुजू कशी करून घ्यावी? हद्दीचा दगड पुरावा असतो, कारण तो हलत नाही.

गुरुजी : आपली हरकत सयुक्तिक आहे, आणि तिला उत्तर द्यायचे तर ज्या टकरीची वेळ मिनिटासकट ठाऊक आहे तेथूनच आरंभ केला पाहिजे. २०२२ सालच्या नवरात्रातली दुसरी पहाट, म्हणजे २७ सप्टेंबर. आपल्याकडे पावणेपाच वाजावयाचे होते. तेव्हा पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर दूर डिडिमॉस नावाचा एक लघुग्रह होता. त्याच्याभोवती डायमॉर्फस नावाचा, जेमतेम १६० मीटर रुंदीचा दुसरा गोटा फिरतो. त्या गोट्यावर अमेरिकेच्या नासा संस्थेने डार्ट नावाचे सुमारे ५८० किलो वजनाचे यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने नेऊन मुद्दाम आदळविले. लघुग्रहांच्या पट्ट्यात दोन खडक परस्परांवर आदळतात ते साधारण अशाच, सेकंदाला पाचएक किलोमीटरांच्या वेगाने. म्हणजे जी गोष्ट एरवी साक्षीदारांविना घडते, ती या वेळी पंचांसमक्ष घडवून आणली गेली. एक लहानसे इटालियन यान जवळून चित्रे घेत होते, हबल दुर्बीण दुरून पाहत होती.

भाऊसाहेब : आणि काय दिसले?

गुरुजी : पहिल्या काही तासांत दिसले ते नरसाळे. चुरा चहूकडे सारखा उडाला नाही. खड्ड्याच्या कडेवरून तो तिरपा, सर्व बाजूंनी जवळपास एकाच कोनात वर उठला, म्हणून मध्ये पोकळ आणि कडेला दाट असा शंकू तयार झाला. त्याच्या कडाही सरळ नव्हत्या. दगडगोट्यांनी भरलेल्या पृष्ठावर आघात झाला असल्याने त्यांत धारा आणि गाठी होत्या. आता या फरशीकडे पाहा. येथे मनगट उंबरठ्यापाशी थांबले आणि भुकटी जागच्या जागी बसली, कारण येथे हवा आहे, घर्षण आहे, फरशी आहे. तेथे यांतले काहीच नाही. जो कण ज्या वेगाने निघाला, तो त्याच वेगाने जात राहतो. एका तासाने वेगवान कण पुढे, मंद मागे, आणि दोन तासांनी तीच रांग दुप्पट लांब. म्हणून तो शंकू मोडत नाही, नुसता वाढत जातो, आणि त्याच्या कोणत्याही भागाचे अंतर वेगाने भागले तर उत्तर एकच येते : टकरीला किती वेळ झाला.

भाऊसाहेब : हा हिशेब पटतो. पण आपण म्हणालात, पहिल्या काही तासांत. पुढे?

गुरुजी : पुढे दोन ओढी सुरू झाल्या. जे कण अगदी हळू निघाले होते, ते डिडिमॉसच्या गुरुत्वाकर्षणाच्या कचाट्यात सापडले आणि शंकूच्या कडा वाकून त्यांना भोवऱ्यासारखा पीळ पडला. आणि दुसरी ओढ, खरे म्हणजे रेटा, सूर्यप्रकाशाचा. प्रकाश पदार्थाला ढकलतो. अत्यंत हलक्या हाताने ढकलतो, पण ढकलतो. कण जितका लहान, तितके त्याचे वजन त्याच्या अंगाच्या मानाने कमी, आणि तितका तो अधिक रेटला जातो.

यावर भाऊसाहेब काही वेळ बोलले नाहीत. समोरच्या चिंचोळ्या पायवाटेपलीकडे पाण्याने भरलेली भाताची खाचरे संधिप्रकाशात दिसत होती, आणि त्यांकडे पाहता पाहता ते एकदम म्हणाले :

भाऊसाहेब : उपणणी!

गुरुजी : अगदी तीच. खळ्यावर उंच धरलेल्या सुपातून भात सोडतो, वारा येतो, भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट जरा पलीकडे, आणि तूस थेट खळ्याच्या कडेला जाऊन बसते. सूर्य हाच तेथला वारा. मोठे धोंडे मागे राहिले. हबल दुर्बिणीने पुढे असे ३७ धोंडे टिपले, त्यांतला मोठ्यात मोठा सात मीटरांचा, आणि ते ताशी सुमारे एक किलोमीटर, म्हणजे रांगत्या मुलाच्या चालीने दूर जात होते. बारीक धूळ मात्र सूर्याच्या विरुद्ध दिशेला ओढली जाऊन तिचे पुच्छ झाले. दोन दिवसांनी चिली देशातल्या सोअर दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा ते १०,००० किलोमीटरांहून लांब भरले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तर ते दुहेरी दिसू लागले. नरसाळे, मग पीळ, मग पुच्छ. आकार बदलत गेला; पण एकही बदल मनमानी नव्हता. आपण म्हणता, बदलतो तो पुरावा नव्हे. मी म्हणतो, जो नियमाने बदलतो तोच खरा पुरावा, कारण त्यात वेळही नोंदलेली असते. हद्दीचा दगड जागा सांगतो, पण तो केव्हा रोवला हे सांगत नाही.

भाऊसाहेब : दगड रोवल्याची तारीख दफ्तरात असते, गुरुजी.

गुरुजी : मान्य. पण आपल्याच गाळाची गोष्ट घ्या. चार भरत्यांनंतर जेव्हा बाहेरकाठा पुन्हा बांधून झाला, तेव्हा खांड नेमकी कोठे होती हे आपल्याला कोणी दाखविले?

भाऊसाहेबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला, आणि दिले ते प्रामाणिकपणे. म्हणाले, गाळाच्या थरांनीच दाखविले. शेतात चर खणला तेव्हा जेथे जाड वाळू लागली तेथे खांड, आणि जसजसे आत जावे तसतशी माती बारीक. मग लगेच त्यांनी आपला मोहरा वळविला.

भाऊसाहेब : पण डार्टची गोष्ट आपल्या हातची होती. वेळ ठाऊक, वजन ठाऊक, वेग ठाऊक. जेथे कोणीही पाहत नव्हते, तेथे काय?

येथे गुरुजींनी जे प्रकरण काढले, त्याचे मोल मला पूर्वी कळले नव्हते. ६ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेतल्या लिनिअर या शोधमोहिमेला लघुग्रहांच्या पट्ट्यात एक पुच्छधारी वस्तू आढळली. तिला पी/२०१० ए२ असे नाव मिळाले, आणि प्रथम ती धूमकेतूच समजली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड ज्युइट यांनी हबल दुर्बिणीने तिची चित्रे घेतली, तेव्हा जे दिसले ते कोणत्याच धूमकेतूत पूर्वी दिसले नव्हते : सुमारे १२० मीटरांचा एक खडक धुळीच्या ढगाच्या चक्क बाहेर, एका टोकाला, आणि त्याच्या मागे धुळीच्या दोन रेघांची एकमेकींना छेदणारी फुली. त्यानंतर मेपर्यंत वारंवार चित्रे घेतली गेली. फुली आपला आकार धरून अगदी सावकाश सरकत राहिली, आणि तिच्या मागचे पुच्छ पसरत, फिकट होत गेले.

गुरुजी : आता यातली मोजणी पाहा. एकाच क्षणी सुटलेले लहानमोठे कण प्रकाशाच्या रेट्याने आपापल्या आकारमानाप्रमाणे मागे पडतात आणि काही काळाने जवळपास एका सरळ रेघेवर येतात, जशी एका सुपातून एकदम सोडलेल्या भाताची रांग. ती रेघ कालांतराने हळूहळू फिरते. म्हणून तिचा कोन मोजला की सूप केव्हा ओतले ते कळते. अडचण एवढीच होती की पृथ्वीवरून ते पुच्छ जवळजवळ कडेने दिसत होते.

भाऊसाहेब : मग कोन कसा निघणार? एका ठाण्यावरून नुसती दिशा कळते. जागा कायम करायची तर दुसऱ्या ठाण्यावरून शिस्त घ्यावीच लागते. फलकावर दोन रेघा छेदल्यावाचून बिंदू पक्का होत नाही.

गुरुजी : दुसरे ठाणे मिळाले. युरोपचे रोझेटा यान तेव्हा दुसऱ्याच कामगिरीवर निघालेले होते; ते अवकाशात अशा जागी होते की तेथून ते पुच्छ वेगळ्या अंगाने दिसावे. मार्च २०१० मध्ये त्याच्या कॅमेऱ्याने चित्रे घेतली, दोन ठाण्यांच्या शिस्ती जुळविल्या, आणि तारीख निघाली : १० फेब्रुवारी २००९, पाच दिवस अलीकडे किंवा पलीकडे. म्हणजे शोध लागण्याच्या जवळजवळ अकरा महिने आधीची.

दोन ठाण्यांचे नाव निघताच भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते पाहण्यासारखे होते. आयुष्यभर चिखलात उभे राहून जी रीत त्यांनी पाळली, तीच रीत कोट्यवधी किलोमीटरांच्या पायारेषेवर उपयोगी पडली, याचा तो निर्मळ आनंद होता. पण मोजणीदाराचा बाणा त्यांनी सोडला नाही.

भाऊसाहेब : तारीख कबूल. गुन्हेगार कोण? टकरच झाली, हे कशावरून?

गुरुजी : हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आहे. लहान लघुग्रहाला सूर्यप्रकाशाच्याच रेट्याने हळूहळू गरगर फिरविले आणि तो वेग न सोसून त्याचे अंग सुटले, असाही एक पक्ष पुढे मांडण्यात आला, आणि तोही तुकड्यांच्या चालीशी जुळतो. तो वाद निर्विवादपणे मिटला असे मी म्हणणार नाही.

भाऊसाहेब : मग माझी हरकत अर्धी कायम. पंचनाम्यात वेळ आली, कारण आले नाही.

गुरुजी : अर्धी कायम. आणि मला वाटते, अशी अर्धी हरकत दफ्तरी राहणे हेच त्या शास्त्राच्या इभ्रतीला शोभते.

पाऊस वाढला होता. चहा आला, नातीने शेवटी केर काढला, पण गुरुजींनी बोटाचा एक कपचा तळहातावर ठेवून घेतला होता. संभाषण तेथून जुन्या, फार जुन्या फाळण्यांकडे वळले, आणि माझ्या मते साऱ्या संध्याकाळचा गाभा तेथे होता.

लघुग्रहांचा पट्टा म्हणजे मोठी इस्टेट आहे आणि तिची खातेफोड कधी, कशी झाली, हा खरा प्रश्न आहे, असे गुरुजी म्हणाले. १९१८ साली कियोत्सुगु हिरायामा या जपानी ज्योतिर्विदाच्या ध्यानात आले की काही लघुग्रहांच्या कक्षांचे अंतर, कलणे आणि लांबटपणा इतके जुळते की हा योगायोग मानणे कठीण. त्याने कोरोनिस, इओस आणि थेमिस अशी तीन कुळे मांडली. यावर भाऊसाहेब जवळजवळ उसळून म्हणाले की नुसत्या सारखेपणाने वारसा शाबीत होत नाही. एका मातीची दोन शेते शेजारी असतात म्हणून ती एका बापाची ठरत नाहीत.

गुरुजी : बरोबर. म्हणून चुरा पुढे कसा पसरतो ते पाहिले पाहिजे. फुटलेले तुकडे सेकंदाला काही मीटर इतक्याच फरकाने वेगळे होतात. पण तेवढ्याने प्रत्येकाचे वर्ष किंचित लहानमोठे होते. काही हजार वर्षांत ते सूर्याभोवतीच्या साऱ्या वाटेवर कड्यासारखे विखुरतात. मग गुरू ग्रह आपल्या ओढीने प्रत्येकाची कक्षा फिरवू लागतो, आणि सर्वांना सारख्या गतीने फिरवीत नाही. दहा लाखांच्या हिशेबाने वर्षे लोटली की कड्याची जाडजूड चुंबळ झालेली असते. आयरास या उपग्रहाने १९८३ साली उष्णतेच्या किरणांत आकाश पाहिले, तेव्हा अशा धुळीचे पट्टे प्रत्यक्ष दिसले. आता वारस-तपास कसा करतात ऐका. २००२ साली डेव्हिड नेस्वोर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनिस कुळातल्याच कॅरिन नावाच्या एका लहान पोटहिश्श्याच्या कक्षा संगणकावर उलट्या चालविल्या. ज्या कक्षा आज सैरावैरा दिशांना वळलेल्या आहेत, त्या मागे मागे जाता एकाच दिशेला येऊन मिळाल्या, आणि तो क्षण ५८ लाख वर्षांपूर्वीचा निघाला. शेजार असेल तर असे घडत नाही. एक बाप असेल तरच घडते.

भाऊसाहेब : ही फाळणी मात्र गुणाकार बुकासारखी चोख झाली. आणि अशीच कितीही मागे जाता येईल?

गुरुजी : नाही. येथे आपला पक्ष बळकट आहे. प्रकाश तापवतो, तापलेला खडक उष्णता बाहेर टाकतो आणि त्या उलट धक्क्याने त्याची कक्षा अंशाअंशाने सरकते. लहान तुकडे अधिक सरकतात, मोठे कमी. शिवाय गुरूची ओढ दीर्घकाळात इतकी गुंतागुंतीची होते की कक्षा उलट चालविण्याचा भरवसा काही कोटी वर्षांपलीकडे उरत नाही. आकार विरघळतो. काही तुकडे गुरूच्या तालाशी जुळणाऱ्या जागी सरकत जातात आणि तेथून त्यांची कक्षा लांबट होऊन पृथ्वीच्या वाटेवर येते.

भाऊसाहेब : म्हणजे शेवटी माझेच खरे. गाळ तो गाळ. कोणाची माती ते कळत नाही.

गुरुजी : आपला मुद्दा आकाशापुरता खरा. पण मग तो दगड आपल्या दारात येतो. २२ मे २०१२, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. नागपूर जिल्ह्यातल्या संत्र्यांच्या काटोल गावी आकाशातून गडगडाट झाला आणि दगड पडले. परीक्षेत ते एल-६ जातीचे, म्हणजे एल गटातले ठरले. या गटाच्या पुष्कळ दगडांची किरणोत्सारी घड्याळे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी एका भीषण आघाताने पुन्हा शून्यावर आलेली आढळतात; त्यांचा जनक लघुग्रह तेव्हा फुटला. आणि त्याच काळी समुद्रतळाशी बसलेल्या स्वीडनमधल्या चुनखडीत, फरशीच्या खाणीत, शंभराहून अधिक जीवाश्म-उल्का सापडल्या आहेत, जवळजवळ सगळ्या याच गटाच्या. खाणकामगार पूर्वी डाग पडलेली फरशी म्हणून त्या बाजूला टाकीत.

भाऊसाहेब : आणि काटोलच्या दगडात?

गुरुजी : त्याच्या वितळून थिजलेल्या बारीक शिरांत भारतीय संशोधकांना २०२१ साली ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरांखाली ते विपुल असते, पण तेथून ते वर आणता येत नाही. ते घडायला वातावरणाच्या दोन लाखांहून अधिक पट दाब लागतो. आकाशातल्या त्या दगडाला तो दाब मिळाला कोठून? टकरीतून. बाहेरचा आकार विरघळला, भाऊसाहेब, पण आतली शीर राहिली.

गुरुजींनी तळहातावरचा शाडूचा कपचा पालथा करून दाखविला. मोडलेल्या बाजूला, मूर्तिकाराने बोट दाबून माती भरली होती तेथे, अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या होत्या. भाऊसाहेबांनी चष्मा लावून त्या बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, "हा दाखला रुजू करून घेतो. पण एक अट. काटोलची वेळ आपल्याजवळ आहे, कारण ती कोणीतरी लगेच लिहून ठेवली. आमच्या खात्यात जागेवर टिपण घेतले नाही तर पुढे कोणी विचारीत नाही. आकाशाच्या दगडाचेही टिपण जागेवरच झाले पाहिजे."

गुरुजींनी ही अट विनातक्रार मान्य केली, आणि त्या संध्याकाळचा निवाडा म्हणून ती मी वाचकांपुढे ठेवतो. आपल्या शिवारात, अंगणात वा खळ्यावर आकाशातून दगड पडल्याचे दिसले, तर तो धुऊ नये, फोडून वाटून घेऊ नये आणि त्याला लोहचुंबक लावू नये, कारण त्याने त्याच्या अंगचे मूळ चुंबकत्व पुसले जाते. घड्याळात पाहून वेळ लिहावी, कोणत्या दिशेने आला ते लिहावे, पडल्या जागेचे छायाचित्र घ्यावे, दगड स्वच्छ कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावा, आणि तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडलेल्या उल्कांचे जतन त्याच खात्याकडे आहे.